आईच्या खांद्याची शस्त्रक्रिया करावी की नाही, हे ठरवताना

वयोवृद्ध माणसाच्या दंडाचे हाड खांद्यालगत मोडते, तेव्हा निवड साधारणपणे चार वाटांमधून करावी लागते: हात झोळीत ठेवून हाड आपोआप जुळू देणे, प्लेट आणि स्क्रू बसवणे, सांध्याचा फक्त गोळा बदलणे, किंवा उलट रचनेचा, म्हणजे गोळा आणि खोबण यांच्या जागांची अदलाबदल केलेला, कृत्रिम सांधा बसवणे. माझ्या आईच्या बाबतीत ही निवड करण्याची वेळ आमच्यावर आली. ती तेव्हा ७८ वर्षांची होती, मोडलेला हात उजवा होता आणि चालताना ती काठी धरायची तीही त्याच हातात. तिला जुना दम्याचा विकार होता आणि हृदयाच्या ठोक्यांच्या अनियमिततेसाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. हे सगळे आधीच सांगते, कारण पुढे एक्स-रे पाहून जेवढे ठरले त्याहून अधिक या गोष्टींवरून ठरले.

या वयात अशी मोड ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. ठिसूळ झालेल्या हाडांच्या मोडींमध्ये, मणके सोडले तर, खुबा आणि मनगट यांच्यानंतर खांद्याचाच क्रमांक लागतो, आणि बहुतेकदा ती उभ्या उंचीवरून साधे पडल्याने होते. यातल्या बऱ्याच मोडींमध्ये तुकडे जागचे फारसे हललेले नसतात. तिथे शस्त्रक्रियेचा प्रश्नच सहसा उद्भवत नाही. आईचे तुकडे मात्र हलले होते. सीटी स्कॅनमध्ये हाडाचा दांडा गोळ्यापासून सुटून पुढे सरकलेला दिसत होता आणि खांदा उचलणारे स्नायुबंध ज्या उंचवट्याला चिकटतात, तो उंचवटाही वेगळा झाला होता. चार्ल्स नीअर या अमेरिकन सर्जनांनी १९७० साली मांडलेल्या वर्गीकरणात एखादा भाग १ सेंटिमीटरपेक्षा अधिक दूर गेला किंवा ४५ अंशांपेक्षा अधिक कलला, तर तो 'सरकलेला' मानतात. त्या मापाने आईची मोड तीन भागांची ठरली. आम्ही दुसरे मत घेतले तेव्हा त्या तज्ज्ञांनी तीच चित्रे पाहून ती दोन भागांची म्हटली. याचे मला आश्चर्य वाटले, पण त्यांनीच समजावले की या वर्गीकरणावर अनुभवी डॉक्टरांचेही पुष्कळदा एकमत होत नाही. त्यामुळे 'तीन भाग म्हणजे ऑपरेशन' असे सरळ गणित कुणी मांडले, तर त्यातला पहिला आकडाच पक्का नाही, हे आम्ही लक्षात ठेवले.

पहिल्या तपासणीतली एक गोष्ट मी जवळून पाहिली. सर्जननी आईला डोळे मिटायला सांगितले आणि दंडाच्या बाहेरच्या अंगाला, खांद्याच्या टोकापासून चार बोटे खाली, आधी कापसाचा बोळा आणि मग टाचणीचे टोक हलकेच टेकवले. दोन्ही बाजूंना सारखेच जाणवते का, असे ते विचारत होते. खांद्याच्या गोलाईला वेढून जाणारी एक नस अशा मोडीत ताणली जाऊ शकते, आणि खांद्यावरचा मोठा स्नायू, म्हणजे डेल्टॉइड, तीच नस चालवते. उलट रचनेचा सांधा पूर्णपणे त्या स्नायूच्या जोरावर चालत असल्याने, ती नस निकामी असेल तर तो पर्याय जवळजवळ बादच होतो. आईला स्पर्श दोन्हीकडे सारखा जाणवला आणि हात झोळीत असतानाच कोपर बाहेरच्या बाजूला किंचित दाबायला सांगितल्यावर स्नायू आकसल्याचे सर्जनच्या बोटांना लागले.

प्लेटचा पर्याय ऐकताना सर्वांत पटण्यासारखा वाटतो. तुकडे मूळ जागी बसवायचे, लॉकिंग प्लेट (जिच्यातच स्क्रू घट्ट अडकतात) लावायची, स्क्रूंनी गोळा धरून ठेवायचा. एक्स-रे पुन्हा मोडीआधीसारखा दिसू लागतो. माझ्या धाकट्या भावाचा कल सुरुवातीपासून याच्याकडे होता, आणि आईबद्दलच्या मायेतूनच होता: मोडलेले तसेच सोडून द्यायचे, हे त्याला उपेक्षा केल्यासारखे वाटत होते. अडचण हाडाच्या प्रतीत होती. वृद्ध माणसाचा गोळा आतून पोकळ होत गेलेला असतो, अंड्याच्या कवचासारखा, आणि स्क्रूला धरायला आत फारसे काही उरत नाही. गोळा हळूहळू आतल्या बाजूला कलतो, स्क्रूची टोके त्यातून आरपार निघून खांद्याच्या खोबणीवर घासू लागतात आणि दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर उत्तम बसवलेली प्लेटसुद्धा पुढे खचणाऱ्या गोळ्याला वाचवू शकत नाही. राल्फ हर्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले होते की गोळ्याला लागून राहिलेला दांड्याकडचा भाग ८ मिलिमीटरपेक्षा कमी असेल आणि आतल्या बाजूची बिजागरी, म्हणजे गोळा आणि दांडा आतून जिथे जुळतात ती कड, २ मिलिमीटरपेक्षा अधिक सरकली असेल, तर मोडीच्या वेळी गोळ्याचे रक्त तुटलेले असण्याचा संभव बराच वाढतो. पुढे असेही आढळले की सुरुवातीला रक्त तुटलेला प्रत्येक गोळा शेवटी मरतोच असे नाही. आईच्या स्कॅनमध्ये गोळ्याला लागून राहिलेला भाग पुरेसा लांब होता. बिजागरी मात्र सरकली होती.

फक्त गोळा बदलण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल फार बोलणे झाले नाही. तिचे यश सुटलेले उंचवटे धातूच्या गोळ्याभोवती नीट जुळून येण्यावर अवलंबून असते, आणि वृद्धांत ते पुष्कळदा जुळत नाहीत. मग खांदा दुखत नाही, पण वरही जात नाही. सत्तरीपुढच्या रुग्णांत या शस्त्रक्रियेची उलट रचनेच्या सांध्याशी, कुणाला कोणती करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवून, तुलना झाली आहे आणि तीत उलट सांधा सरस ठरला आहे.

उलट सांध्याविषयी मला प्रामाणिक कुतूहल वाटले. फ्रान्समधल्या दिजाँ शहरातले सर्जन पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये हा विचार प्रत्यक्षात आणला. आपल्या खांद्यात गोळा दंडाच्या हाडाला असतो आणि खोबण पाठीच्या फऱ्याला. इथे गोळा फऱ्यावर बसवतात आणि खोबण दंडावर. त्यामुळे फिरण्याचा मध्य आत आणि खाली सरकतो, डेल्टॉइडची तरफ लांब होते, आणि बारीक स्नायुबंध फाटलेले असले किंवा उंचवटे जुळले नसले, तरी हात वर उचलता येतो. उंचवटा जुळण्याची वाट न पाहता हात वर जावा, ही गोष्ट वृद्धांच्या मोडीत फारच महत्त्वाची आहे. नॉर्वेमधल्या डेल्फी नावाच्या चाचणीत ६५ ते ८५ वयाच्या १२४ रुग्णांत प्लेट आणि उलट सांधा यांची तुलना झाली. दोन वर्षांनी खांद्याचे दुखणे, हालचाल आणि ताकद जोखणाऱ्या १०० गुणांच्या कॉन्स्टंट मापावर उलट सांध्याच्या गटाची सरासरी ६८ आली आणि प्लेटच्या गटाची ५४.६. हा फरक रुग्णाला रोजच्या वापरात जाणवेल एवढा मोठा आहे.

हे वाचून भावाने प्लेटचा आग्रह सोडला आणि उलट सांध्याचा धरला. पण त्या तुलनेत तिसरा गट नव्हता: काहीच शस्त्रक्रिया न केलेल्यांचा. प्लेटपेक्षा उलट सांधा बरा, याचा अर्थ झोळीपेक्षा तो तेवढाच बरा, असा होत नाही. तो प्रश्न वेगळा विचारावा लागतो, आणि स्पेनमध्ये ८० वर्षांपुढच्या रुग्णांत तो विचारला गेला तेव्हा वर्षभरानंतर दोन गटांत फारसा फरक उरला नव्हता; शस्त्रक्रिया झालेल्यांचे दुखणे थोडे कमी होते, एवढेच. प्लेट आणि झोळी यांची तुलना तर त्याआधीच झाली होती. इंग्लंड-वेल्स-स्कॉटलंडमधल्या प्रॉफर चाचणीत २५० रुग्ण होते आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आले. शस्त्रक्रिया झालेल्यांत आणि न झालेल्यांत रुग्णांनी स्वतः दिलेल्या गुणांमध्ये दोन वर्षांत लक्षणीय फरक आढळला नाही, पाच वर्षांनीही चित्र तेच राहिले. खर्चाचा हिशेब मांडला तेव्हा शस्त्रक्रिया महाग पडली आणि त्या जादा पैशातून आयुष्याची गुणवत्ता वाढल्याचे दिसले नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रन आढाव्यानेही बहुतेक सरकलेल्या मोडींबाबत हेच म्हटले.

दुसरे मत देणाऱ्या सर्जननी प्रॉफर चाचणीबद्दल एक रास्त सावधगिरी सुचवली. जिथे शस्त्रक्रिया करायलाच हवी असे सर्जनना स्पष्ट वाटले, ते रुग्ण चाचणीत घेतलेच नव्हते. सांधा निखळला असेल, गोळाच दुभंगला असेल, हाड कातडीतून बाहेर आले असेल किंवा रक्तवाहिनीला इजा असेल, तर 'संशोधन म्हणते झोळी पुरे' असे म्हणून थांबणे धोक्याचे आहे. शिवाय त्या चाचणीतली शस्त्रक्रिया म्हणजे मुख्यत्वे प्लेट होती. उलट सांध्याबद्दल ती जवळजवळ काही सांगत नाही. त्यांचे हे सांगणे मला फार मोलाचे वाटले, कारण ते कोणत्याच बाजूने वकिली करत नव्हते.

खर्चाकडे आम्ही नंतर वळलो, आणि त्यात पैशाचा भाग सर्वांत सोपा निघाला. उलट सांध्याचे साहित्य प्लेटपेक्षा महाग असते, पण प्लेटच्या हिशेबात दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता धरली की अंतर कमी होते. फिजिओथेरपी चारही वाटांवर लागते. घरातल्या कुणीतरी काम सोडून सोबत राहणे हेही चारही वाटांवर लागते. शस्त्रक्रिया केली तर माणूस लवकर स्वावलंबी होतो ही आमची कल्पना भूलतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट या दोघांशी बोलल्यावर टिकली नाही, कारण शस्त्रक्रियेनंतरही हात काही आठवडे झोळीतच राहतो.

अवघड खर्च शरीराचा होता. खांद्याच्या शस्त्रक्रियेत वेदना थांबवण्यासाठी मानेच्या बाजूला नसा बधिर करतात, आणि त्या औषधाने पुष्कळदा त्या बाजूचा श्वासपटलही काही तास लुळा पडतो. निरोगी माणसाला ते कळतही नाही. दम्याच्या रुग्णाला कळते. शस्त्रक्रिया अर्धवट बसलेल्या स्थितीत होते, त्यात रक्तदाब उतरू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी काही दिवस बंद ठेवावी लागते आणि त्या काळात गुठळीचा धोका असतो. या वयात शस्त्रक्रियेनंतर काही दिवस भ्रम होण्याची शक्यता असते, आणि कृत्रिम सांध्याला जंतुसंसर्ग झाला तर तो निस्तरणे फार कठीण. यांपैकी एकेक धोका स्वतंत्रपणे मोठा नव्हता. भूलतज्ज्ञांनी 'भूल देताच येणार नाही' असे कधीही म्हटले नाही. त्यांनी फक्त हे सगळे एकाच माणसात एकत्र आले आहे, याकडे लक्ष वेधले.

मग आम्ही आईला विचारले की तिला उजव्या हाताने नेमके काय करता यायला हवे. एवढा वेळ सगळे तिच्याविषयी बोलत होते, तिच्याशी कमी. तिने सावकाश सांगितले: स्वतःच्या हाताने जेवता यावे, स्वतःचे स्वतः स्वच्छ होता यावे, केस पुढून विंचरता यावेत, काठी धरता यावी आणि खुर्चीतून उठताना हाताचा रेटा देता यावा. वरच्या फळीवरचे काही काढायचे नव्हते. ती म्हणाली, "डोक्याच्या वरचं काम मी कधीच सोडलंय." तिच्या यादीतली बहुतेक कामे खांद्याच्या उंचीखालची होती. उलट सांध्याचा मोठा फायदा हात वर जाण्यात आहे, आणि नेमका तोच फायदा तिला फारसा लागणार नव्हता. उलट काठीवर भार देणे आणि हात मागे नेऊन खुर्चीतून रेटा देऊन उठणे, या दोन हालचालींबाबत नव्या सांध्यासाठी दीर्घकाळ जपावे लागते, कारण मागे ताणलेल्या हातावर भार आला की सांधा निखळू शकतो.

निर्णय पक्का करणारा प्रश्न मात्र आम्ही सर्जनना शेवटी विचारला: आज झोळी निवडली आणि ती फसली, तर पुढे काय करता येईल? त्यांनी सांगितले की मोड जुळली नाही किंवा वाईट जुळून फार दुखत राहिली, तर उलट सांधा काही महिन्यांनीही बसवता येतो. ताज्या मोडीत तो बसवणे थोडे सोपे असते, उंचवटे जागेवर आणता येतात, हात बाहेरच्या बाजूला वळवण्याची ताकद बहुधा अधिक चांगली राहते. पण उशिरा केलेल्या सांध्याचे निकाल एकंदरीत फार मागे पडत नाहीत. फसलेली प्लेट काढून सांधा बसवणे मात्र त्याहून कठीण असते, कारण मध्ये एक शस्त्रक्रिया होऊन गेलेली असते, व्रण आणि संसर्गाची शक्यता सोबत येते आणि हाडही झिजलेले असते. म्हणजे झोळीने उलट सांध्याची वाट उघडी राहत होती, प्लेटने ती अडत होती, आणि उलट सांधा एकदा बसवला की परतीची वाट नव्हती. हे ऐकल्यावर भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने झोळी फसली हे कशावरून ओळखायचे, असे विचारले.

तो प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर आम्ही लिहून घेतले. पहिल्या आठवड्यानंतर आणि पुन्हा दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक्स-रे काढायचा. गोळा दांड्यापासून आणखी दूर गेला, हाडाच्या टोकांचा एकमेकांशी संपर्कच राहिला नाही किंवा बोटांत बधिरपणा आला, तर पुन्हा बसून विचार करायचा. सर्जनच्या मते शस्त्रक्रिया करायचीच झाली तर ती साधारण तीन आठवड्यांच्या आत केलेली बरी. त्यानंतर तुकडे चिकटू लागतात आणि त्यांना जागेवर आणणे अवघड होते. त्यामुळे थांबणे म्हणजे निर्णय टाळणे नव्हते, त्याला तारखा होत्या.

शस्त्रक्रिया न करण्याची वाट सोपी आहे, असे कुणी समजू नये. पहिले काही आठवडे आई आडवी झोपू शकत नव्हती. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसूनच झोपावे लागे आणि कोपराखाली एक छोटी उशी ठेवावी लागे, नाहीतर दंड मागे कलंडून कळ येई. खांद्यातले रक्त हळूहळू खाली उतरले. आधी दंड, मग कोपर, मग छातीची एक बाजू जांभळी आणि पुढे पिवळट हिरवी झाली. ते पाहून आम्ही घाबरलो असतो, पण हे होणार हे आधी सांगितलेले होते. काख स्वच्छ करणे हे सर्वांत नाजूक काम होते: तिला पुढे वाकवून हात सैल लोंबू द्यायचा, त्या फटीतून ओला कपडा फिरवायचा आणि नीट कोरडे करायचे, नाहीतर कातडी खराब होते. बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल पहिल्या दिवसापासून चालू ठेवली. वेदना थोडी ओसरल्यावर फिजिओथेरपिस्टने लंबकासारखे हात झुलवण्याचे व्यायाम सुरू केले, कारण फार दिवस हलवला नाही तर खांदा आखडतो आणि तो आखडलेला सांधा मोडीपेक्षाही जास्त त्रास देतो. काठी तिला डाव्या हातात धरायला शिकावी लागली. दोन्ही एक्स-रेंमध्ये तुकडे होते तिथेच होते.

या सगळ्यात एक गोष्ट मागे पडू नये म्हणून मी तिचा पाठपुरावा केला, आणि ती मला खांद्याइतकीच महत्त्वाची वाटते. साध्या पडण्याने दंड मोडला, याचा अर्थ हाडे ठिसूळ झाली आहेत, आणि अशा मोडीनंतरच्या वर्षात खुबा मोडण्याचा धोका चांगलाच वाढलेला असतो. खांद्याची मोड झोळीत सांभाळता येते. खुब्याची बहुतेकदा येत नाही. तरीही हाडांच्या घनतेची तपासणी कुणी आपणहून सुचवली नाही. ती केली तेव्हा टी-स्कोअर, म्हणजे घनतेचा गुणांक, उणे २.५ च्या खाली, म्हणजे ठिसूळ हाडांच्या पट्ट्यात आला. ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाचे कार्य तपासून, दात दाखवून घेऊन, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रॉनिक ॲसिड हे हाडांची झीज रोखणारे औषध सुरू झाले. रक्तदाबाच्या औषधाची मात्रा उभे राहताना चक्कर येते का हे पाहून बदलली.

हाड जुळले, थोडे कललेले जुळले. एक्स-रे पाहून भाऊ अजूनही अस्वस्थ होतो. आईचा हात पुढून खांद्याच्या उंचीपर्यंत जातो, त्याहून जरासाच वर. पाठीमागे कमरेपर्यंत पोहोचत नाही आणि बहुधा यापुढेही पोहोचणार नाही. ती आपल्या हाताने जेवते, केस पुढून विंचरते, काठी पुन्हा उजव्या हातात धरते. मागची वेणी मीच घालते. सहा महिन्यांच्या तपासणीत सर्जननी दुखणे विचारले. रात्री त्या कुशीवर झोपले तर दुखते, एरवी नाही, असे ती म्हणाली. उलट सांधा अजूनही बसवता येईल, हे त्यांनी तिला समोर बसून पुन्हा समजावले आणि त्याने काय वाढेल, काय पणाला लागेल, हेही सांगितले. तिने विचार करायला एक आठवडा मागितला आणि मग नको म्हणून कळवले. डेल्टॉइड आणि फऱ्याची खोबण ठीक असेपर्यंत आणि प्रकृती भूल सोसेल तोपर्यंत तिला हा निर्णय बदलता येईल, असे सर्जननी कागदावर नोंदवले आहे, आणि सीटी स्कॅनची सीडी त्याच फाइलमध्ये लावून ठेवली आहे.